पिंजऱ्यातलं सफरचंद

१९१४ साली अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या स्टार्क बंधूंच्या रोपवाटिकेत टपालाने काही पिवळी सफरचंदं येऊन पडली. पाठवणारा होता वेस्ट व्हर्जिनियातल्या क्ले काउंटीचा शेतकरी अँडरसन मलिन्स. त्याच्या शेतात कुणी न लावता एक झाड उगवलं होतं, त्याची ही फळं. पॉल स्टार्कने ती चाखली आणि आगगाडीने, पुढे घोड्यावरून डोंगर ओलांडत तो थेट झाडापाशी पोचला. सौदा पाच हजार डॉलरला ठरला. त्या पैशांत मिळालं एक झाड आणि भोवतालची तीस फूट लांब, तीस फूट रुंद जमीन. मग स्टार्कने झाडाभोवती जाळीचा पिंजरा उभारला आणि त्याला धोक्याची विजेची घंटा बसवली. पुढे ‘गोल्डन डिलिशस’ या नावाने जगभर गेलेलं सफरचंद ते हेच.

पिंजरा फळचोरांसाठी नव्हता. दोन-चार सफरचंदं गेल्याने स्टार्कचं काही बिघडणार नव्हतं. भीती होती ती चाकू घेऊन येणाऱ्याची. पेन्सिलएवढी एक काडी कापून नेली आणि तिचा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधला, की काही वर्षांत तेच फळ, त्याच चवीचं, शेजारच्या रोपवाटिकेत विक्रीला तयार. ते अडवणारा कायदा तेव्हा अमेरिकेत नव्हता.

पण पिंजऱ्याचा उपयोग पहिलं कलम विकलं जाईपर्यंतच. खुर्ची विकली की खुर्चीच जाते. झाड विकलं की त्याच्याबरोबर झाडांचा कारखानाही जातो. म्हणून रोपं विकणाऱ्यांपुढे एक प्रश्न कायम उभा राहिला: विकताना ‘हे पुढे विकायचं नाही, याची रोपं करायची नाहीत’ अशी अट घातली, तर ती कोर्टात टिकते का? या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभर वर्षांत देशोदेशी वेगवेगळं मिळालं आहे, आणि सगळ्यांत वेगळं भारतात.

ल्यूथर बरबँकची गोष्ट स्टार्कच्याही आधीची. मॅसॅच्युसेट्समधल्या या तरुणाने १८७०च्या दशकात बटाट्याचा एक नवा वाण काढला आणि जे. जे. एच. ग्रेगरी नावाच्या बियाणे-व्यापाऱ्याला १५० डॉलरला विकला. ते पैसे घेऊन तो १८७५मध्ये कॅलिफोर्नियाला गेला. जाताना ग्रेगरीच्या संमतीने स्वतःच्याच वाणाचे दहा बटाटे त्याने बरोबर नेले. आज अमेरिकेत फ्रेंच फ्राइजसाठी वापरला जाणारा ‘रसेट बरबँक’ हा त्याच वाणाचा वंशज. १५० डॉलरपलीकडे त्यातलं काहीही बरबँकला मिळालं नाही. पुढे त्याने आलुबुखार, फुलं, निवडुंग असे शेकडो वाण काढले, नाव कमावलं, पण उंदराच्या सापळ्याला पेटंट मिळतं आणि नव्या फळाला मिळत नाही, ही तक्रार तो शेवटपर्यंत करत राहिला.

मग नुसत्या करारावर भागलं नसतं का? करारात मुळातच एक उणीव आहे. तो सही करणाऱ्या दोघांनाच बांधतो. तिसऱ्याच्या हाती रोप गेलं, की कागद तिथेच राहतो. शिवाय विकलेल्या वस्तूवर मागाहून हक्क सांगणाऱ्यांकडे अमेरिकी कोर्टं पूर्वीपासून संशयाने पाहत आली. याचा एक जुना दाखला शवपेटीचा आहे. शवपेटीच्या झाकणाचं पेटंट बॉस्टनभोवतीच्या दहा मैलांपुरतं एका कंपनीला दिलेलं होतं. बर्क नावाच्या अंत्यविधी करणाऱ्याने तिच्याकडून पेट्या घेतल्या आणि सतरा मैलांवरच्या नेटिक गावी वापरल्या. बाहेरच्या हद्दीचा हक्कदार कोर्टात गेला. १८७३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पेटी रीतसर विकली गेली तिथेच पेटंटचा तिच्यावरचा हक्क संपला. ज्या पेटीतून माणूस मातीआड जायचा, तिच्यामागे परवान्याची हद्द धावू शकत नाही.

ही गोष्ट झाडाला लावली तर अर्धीच लागू पडते. विकलेलं रोप गिऱ्हाइकाचं झालं, ते त्याने शेजाऱ्याला विकलं तर बिघडलं काय? काहीच नाही. पण त्या रोपापासून केलेलं दुसरं रोप हे ‘विकलेलं’ रोप नव्हे. कायद्याची सगळी कसरत पुढे या फटीतूनच चालली.

बरबँक १९२६मध्ये वारला. त्याच्या नावाचा आणि पत्रांचा आधार घेऊन पॉल स्टार्कने वॉशिंग्टनमध्ये खटपट सुरू केली. थॉमस एडिसननेही पाठिंबा दिला. २३ मे १९३० रोजी अध्यक्ष हूव्हर यांची सही होऊन वनस्पती पेटंट कायदा झाला. कलम, छाट, डोळा अशा बीविरहित पद्धतीने वाढणाऱ्या वनस्पतींनाच तो लागू होता, आणि त्यातूनही बटाट्यासारखी कंदावर वाढणारी पिकं वगळली होती. म्हणजे बरबँकचं नाव घेऊन आणलेल्या कायद्यात बरबँकचा बटाटाच बसत नव्हता! कंद हे लोकांचं अन्न आणि तोच लागवडीचा माल. त्यावर कुणाची मक्तेदारी नको, असा त्यामागचा विचार होता.

पहिलं वनस्पती पेटंट १८ ऑगस्ट १९३१ रोजी न्यू जर्सीतला माळी हेन्री बोझेनबर्ग याला मिळालं, ‘न्यू डॉन’ नावाच्या फिकट गुलाबी वेली गुलाबासाठी. त्यानंतर अमेरिकी रोपवाटिकांतल्या गुलाबांच्या फांद्यांना छोट्या पट्ट्या दिसू लागल्या. त्यावर नाव, पेटंटचा क्रमांक आणि विनापरवाना रोपं करण्यास मनाई असल्याची ओळ. ही पट्टी म्हणजे करार नव्हे. ती वाचली काय किंवा फाडून टाकली काय, मनाई कायद्याने होतीच. स्टार्कने झाडाभोवती बांधलेला पिंजरा आता झाडाबरोबर गिऱ्हाइकाच्या अंगणात जाऊ लागला.

बियाण्यांची गोष्ट निराळी निघाली. मक्यात संकरित वाण आले तेव्हा बियाणे कंपन्यांना कायद्याची गरजच उरली नाही, कारण संकरिताचं पुढच्या पिढीचं बी पेरलं की पीक खाली येतं. शेतकरी आपणहून दरवर्षी दुकानात जातो. महाराष्ट्रात संकरित ज्वारीने आणि कपाशीने हेच केलं. जालन्याच्या महिकोसारखा बियाणे उद्योग संकरितांच्या बळावरच मोठा झाला. सोयाबीन आणि गहू मात्र सरळ वाणाचे. घरचं बियाणं ठेवलं तरी पीक तेच येतं. त्यांच्यासाठी अमेरिकेने १९७०मध्ये वेगळा वाण-संरक्षण कायदा केला आणि त्यात शेतकऱ्यांना एक सवलत ठेवली: राखून ठेवलेलं बियाणं दुसऱ्या शेतकऱ्याला विकता येईल. असं बी साध्या, नाव नसलेल्या तपकिरी पोत्यातून विकलं जाई. त्यामुळे त्या व्यवहारालाच ‘तपकिरी पोत्याची विक्री’ म्हणू लागले.

आयोवा राज्यातल्या क्ले काउंटीत (काउंटीचं नाव तेच, राज्य दुसरं) विंटरबोर दांपत्याची ८०० एकर शेती होती. त्यांनी या सवलतीचं दुकान केलं, खरोखरचं. १९९० साली त्यांनी तपकिरी पोत्यांतून १०,५२९ बुशेल सोयाबीन बियाणं विकलं. त्यातून सुमारे दहा हजार एकर पेरता आलं असतं. अ‍ॅसग्रो कंपनीच्या संरक्षित वाणाचं बियाणं बाजारात बुशेलला सोळा डॉलरच्या वर होतं, विंटरबोरकडे ८.७० डॉलरला. कंपनी कोर्टात गेली. १८ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं, की शेतकऱ्याने स्वतःची जमीन पुन्हा पेरायला लागेल एवढंच बियाणं राखावं, आणि विकायचं तर त्यातलंच विकावं. निकाल लागला तोवर संसदेने वेगळीच गाठ मारली होती. १९९४च्या दुरुस्तीने नव्या संरक्षित वाणांसाठी ही विक्रीची सवलतच काढून टाकली होती.

पुढच्या खेळीत करार परत आला, तोही पेटंटचा हात धरून. १९९६पासून तणनाशक सहन करणारं जनुक घातलेलं सोयाबीन मोन्सँटोने बाजारात आणलं. पोतं घेताना शेतकऱ्याला तंत्रज्ञान करारावर सही करावी लागे: बियाणं एकाच हंगामात पेरायचं, राखायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. मिसिसिपीच्या मॅकफार्लिंग नावाच्या शेतकऱ्याने सही करूनही १९९८च्या पिकातलं बियाणं राखलं आणि पेरलं. अपील न्यायालयाने करार वैध ठरवला. मात्र त्याच करारात, नियम मोडल्यास तंत्रज्ञान शुल्काच्या १२० पट रक्कम भरावी, असं कलम होतं. ते २००४मध्ये न्यायालयाने उडवलं. झालेल्या नुकसानीचा हा वाजवी अंदाज नसून निव्वळ दंड आहे, म्हणून तो वसूल करता येणार नाही, असं ते कारण. बियाण्याचा करार टिकतो म्हणजे त्यातली प्रत्येक ओळ टिकते असं नाही, हे एवढ्या स्पष्टपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल.

इंडियानाचा व्हर्नन बोमन जरा जास्त चतुर निघाला. मुख्य हंगामाचं बियाणं तो रीतसर सही करून घेई. उशिराच्या, बेभरवशाच्या पेरणीसाठी मात्र धान्याच्या कोठारातून खाण्या-दळण्याचं साधं सोयाबीन स्वस्तात आणून पेरी. परिसरातले बहुतेक शेतकरी जनुकवालंच सोयाबीन लावत असल्यामुळे कोठारातला मालही तसाच निघे. या मालावर ना सही होती ना करार. शेतकऱ्यांना कोठारात माल विकायला कंपनीचीच परवानगी होती. मग विक्रीबरोबर हक्क संपला नाही का? १३ मे २०१३ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी ‘नाही’ म्हटलं. कोठारातला दाणा बोमनने खावा, जनावरांना घालावा, पुढे विकावा. पेरून नवे दाणे करणं म्हणजे पेटंट वस्तूची नवी प्रत काढणं. त्याला ८४,४५६ डॉलर भरावे लागले. दाणे आपोआप वाढतात, त्यात माझा काय दोष, हा त्याचा युक्तिवाद न्यायमूर्ती एलेना केगन यांनी निकालपत्रात ‘दोष सोयाबीनचा’ असं नाव देऊन बाजूला सारला.

चारच वर्षांनी, ३० मे २०१७ रोजी, प्रिंटरच्या शाईच्या डब्यांवरून झालेल्या लेक्समार्क खटल्यात त्याच न्यायालयाने जुनं सूत्र पुन्हा ठणकावून मांडलं. वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, मग विकणाऱ्याने कितीही अटी घातलेल्या असोत. अट मोडली तर करारभंगाचा दावा सही करणाऱ्यावर लावावा, वस्तू ज्याच्या हाती गेली त्याच्यावर पेटंट घेऊन धावू नये. म्हणजे अमेरिकेत आज परिस्थिती अशी: पेटंट गुलाबाची कुंडी पुढे विकण्यावर बंदी घालायची तर ती करारानेच घालावी लागते आणि सही करणाऱ्यापुरतीच चालते, त्या गुलाबाची छाटं लावून विकण्यावरची बंदी कराराशिवायही चालते.

युरोपात मधली वाट निघाली, तीही सफरचंदामुळेच. बेल्जियमच्या बेटर थ्री फ्रूट कंपनीकडे ‘निकोटर’ या वाणाचे युरोपीय हक्क होते. बाजारात ही फळं ‘कांझी’ या नावाने जातात. कंपनीने निकोलाई नावाच्या फर्मला रोपांचा परवाना दिला, अट घालून: जो बागायतदार कंपनीच्या करारावर सही करेल त्यालाच झाडं विकायची. निकोलाईने २००४मध्ये एका बागायतदाराला सात हजार झाडं सहीशिवायच विकून टाकली. तीन वर्षांनी त्या झाडांची फळं दुसऱ्याच विक्रेत्याकडे कांझी म्हणून दिसली. बागायतदाराने कशावरही सही केलेली नव्हती, विक्रेत्याने तर नाहीच. खालच्या कोर्टाने त्यांना दोषी धरलं, अपिलात ते सुटले आणि प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. २० ऑक्टोबर २०११चा निकाल असा: परवानाधारकाने मोडलेली अट वाण-हक्काच्या गाभ्याला हात घालणारी असेल, तर ती विक्री मालकाच्या संमतीने झालीच नाही, आणि तिसऱ्या माणसावरही थेट हक्कभंगाचा दावा चालतो. त्याला अट माहीत होती की नव्हती, याला महत्त्व नाही. अट नुसती पैशांची किंवा सोयीची असेल तर मात्र ते भांडण दोघांचं. कोणती अट गाभ्याची, हे ठरवायचं काम देशी कोर्टावर सोपवलं. वकिलांची पोटापाण्याची सोय झाली.

करार टिकला तरी झाड टिकून राहत नाही, हे न्यूझीलंडला चांगलंच कळलं. झेस्प्री कंपनीच्या सोनेरी किवीच्या काड्या तिच्याच एका परवानाधारकाकडून चीनमध्ये गेल्या. २०२०मध्ये न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने सुमारे दीड कोटी न्यूझीलंड डॉलर भरपाईचा आदेश दिला. अपिलात रक्कम कमी झाली, दोष कायम राहिला. दरम्यान चीनमध्ये या किवीच्या बागा हजारो हेक्टरवर पसरल्या होत्या.

भारतात कायदा आला २००१मध्ये: वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे काहीतरी कायदा करणं भाग होतं. १९९९चं विधेयक साहिबसिंग वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि परत आलं तेव्हा त्यात शेतकऱ्यांच्या हक्कांचं आख्खं प्रकरण होतं. त्यातलं कलम ३९(१)(४) सांगतं, की संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकऱ्याला राखता, पेरता, पुन्हा पेरता, देवाणघेवाण करता, वाटता आणि विकता येईल, कायद्यापूर्वी येत होतं तसंच. एकच बंधन: ‘ब्रँडेड’ बियाणं विकता येणार नाही, म्हणजे पिशवीत भरून संरक्षित वाणाचं लेबल लावलेलं. किती एकरांपुरतं, किती पोती, असं काही त्यात नाही. आयोवात ज्या तपकिरी पोत्याचं अमेरिकेने दार बंद केलं, त्याला भारताने सात वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात जागा दिली.

या कलमाची खरी परीक्षा २०१९च्या एप्रिलमध्ये यायची होती. पेप्सिकोने ‘एफएल २०२७’ हा वेफर्सचा बटाटा २०१६मध्ये भारतात नोंदवला होता. शेतकऱ्यांत तो ‘एफसी ५’. कंपनी करारावर बियाणं देते आणि पिकलेला बटाटा परत विकत घेते. गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या चार शेतकऱ्यांवर कंपनीने विनापरवाना हा वाण लावल्याबद्दल अहमदाबादच्या कोर्टात दावा लावला, प्रत्येकी १ कोटी ५ लाख रुपयांचा. चार-पाच एकरवाल्यांवर कोटीचा दावा म्हटल्यावर देशभर गदारोळ उठला. तडजोडीसाठी कंपनीने सुचवलं, की एकतर आमच्या करारात या नाहीतर हा वाण पुन्हा न लावण्याचं लिहून द्या. मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. पुढचं भांडण नोंदणीवर गेलं. शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावर वाण नोंदवणाऱ्या प्राधिकरणाने ३ डिसेंबर २०२१ रोजी नोंदणी रद्द केली, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने जुलै २०२३मध्ये तो आदेश कायम ठेवला, आणि ९ जानेवारी २०२४ रोजी खंडपीठाने तो फिरवला. दावे मागे घेतल्यामुळे मूळ प्रश्नावर त्या खटल्यांत निवाडा झालाच नाही.

मूळ प्रश्न असा, की शेतकऱ्याने कागदावर सही करून कलम ३९चा हक्क सोडून दिला तर? कंपनीच्या बाजूने म्हणता येतं, की स्वतःचा हक्क माणूस सोडू शकतो, आणि कलम ३९ची सुरुवात ‘या कायद्यात काहीही म्हटलं असलं तरी’ अशी आहे. करारांचा त्यात उल्लेख नाही. शेतकऱ्याच्या बाजूने १८७२चा भारतीय करार कायदा उभा राहतो. त्याचं कलम २३ म्हणतं, की ज्या करारामुळे एखाद्या कायद्याचा हेतूच निष्फळ होईल तो करार बेकायदा. कलम २७ वैध व्यवसायाला आडकाठी करणारे करार रद्द ठरवतं. दुसरी बाजू जड वाटते. छापील नमुन्यावरच्या एका सहीने संसदेने दिलेला हक्क पुसला जाणार असेल, तर कायद्यातलं ते प्रकरण लिहायची गरज काय होती?

महाराष्ट्रात हा प्रश्न बटाट्यापेक्षा द्राक्षात जास्त टोचतो. इथली द्राक्षशेती घडली ती थॉम्पसन सीडलेसमधून शेतकऱ्यांनीच निवडलेल्या वाणांवर. तासगावकडचा तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका, माणिक चमन. त्यांच्या काड्या बागेतून बागेत गेल्या. छाटणीच्या दिवसांत पाहुण्याने चार काड्या मागाव्यात आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून न्याव्यात, डॉगरीजच्या खुंटावर पाचर कलम करावं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आता नाशिक भागात सह्याद्री फार्म्ससारख्या संस्थांमार्फत ‘आरा’सारखे परदेशी संरक्षित वाण आले आहेत. परवान्याच्या वाणांच्या या जगात रोपाबरोबर करारही येतो, आणि शेजाऱ्याला काडी देणं हा व्यवहार पहिल्यांदाच वकिलाला विचारण्याचा झाला आहे.

कायद्याच्या २००१च्या मजकुरात ‘बियाणं’ या शब्दाची व्याख्या फक्त दाण्यापुरती नाही. ज्यापासून त्याच वाणाचं झाड उभं राहील असा कोणताही लागवडीचा जिवंत भाग तीत येतो. म्हणजे द्राक्षाची काडीही तीत बसते असं म्हणायला जागा आहे. रोपवाटिकावाल्याने विनापरवाना कलमं करून विकली तर तो सरळ हक्कभंग; बागायतदाराने बागायतदाराला दिली तर ते कलम ३९ मध्ये येतं असं म्हणता येईल. वेली आणि झाडांना हे संरक्षण १८ वर्षांचं असतं, त्यानंतर वाण कुणीही वाढवावा. नावाचं तसं नाही. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नव्याने नोंदवत राहता येतो, आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियात निघालेलं ‘क्रिप्स पिंक’ सफरचंद संरक्षणाची मुदत संपलेल्या देशांत हवं त्याने लावावं, पण ‘पिंक लेडी’ म्हणून विकायचं तर परवाना आजही घ्यावा लागतो.